घरं स्वस्त झाली तर ती बातमी कुणाची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरांचे भाव उतरू लागले की वर्तमानपत्रांत ‘मंदीचं सावट’, ‘गुंतवणूकदार चिंतेत’ असेच मथळे दिसतात. बिल्डरांच्या संघटनेचं म्हणणं येतं, एखाद्या ब्रोकरचं येतं आणि बातमी संपते. कांद्याचा भाव पडला तर आपण शेतकऱ्याचं दुःख छापता आणि मंडईतल्या गिऱ्हाइकाला मिळालेला दिलासाही छापता. घराच्या बातमीत मात्र गिऱ्हाईक कुठेच नसतं. बँकेच्या गृहकर्ज विभागातच माझी सगळी नोकरी झाली. टेबलासमोर बसायचे ते हेच गिऱ्हाईक, म्हणून त्यांच्या वतीने लिहिते आहे.

आधी हिशेब मांडते. आमच्या बडोद्यात चाळीस लाखांचा फ्लॅट घ्यायचा, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे 30 ते 75 लाखांच्या कर्जासाठी किमतीच्या जास्तीत जास्त 80 टक्के रक्कम मिळते. म्हणजे 32 लाख कर्ज, 8 लाख पदरचे. वर गुजरातचं 4.9 टक्के मुद्रांक शुल्क, आणि घर बाईच्या नावावर नसेल तर 1 टक्का नोंदणी फी. साडेआठ टक्के व्याज आणि वीस वर्षांची मुदत धरली तर हप्ता बसतो सुमारे 27,800 रुपये. पहिल्या वर्षी तीन लाख तेहतीस हजार भरून मुद्दल कमी होतं जेमतेम 64 हजारांनी. आता हाच फ्लॅट 32 लाखांवर आला असं समजा. ज्याने आधीच घेतला, त्याचे पदरचे आठ लाख कागदावरून पुसले गेले. पण जो अजून भाड्याने राहतो आहे, त्याला, कर्ज पूर्वीसारखंच 80 टक्के धरलं तरी, आठऐवजी 6 लाख 40 हजार जमवायचे आहेत आणि हप्ता दरमहा साडेपाच हजारांनी कमी होतो, तोही वीस वर्षं. ही रक्कम एका मुलाच्या शाळेच्या फीएवढी तरी नक्कीच आहे.

आमच्याच घरात हे दोन्ही पक्ष आहेत. माझ्या दिरांनी निवृत्तीच्या पैशातून वासणा-भायली भागात दुसरा फ्लॅट घेऊन ठेवलाय, म्हातारपणाची सोय म्हणून. त्यांची मुलगी आणि जावई गोत्रीला भाड्याने राहतात आणि दर रविवारी नव्या स्कीमचे सॅम्पल फ्लॅट पाहत फिरतात. भाव चढावेत असं बापाला वाटतं, उतरावेत असं लेकीला वाटतं. दोघंही लोभी नाहीत. भावजींना पेन्शन नाही, म्हणून फ्लॅटची किंमत हीच त्यांची पेन्शन. ही गोष्ट मला विसरता येत नाही, आणि म्हणूनच भाव उतरणं ही सरसकट आनंदाची बातमी आहे असंही मी म्हणत नाही.

खरी चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, नोकरी करणारा आमचा एक कर्जदार होता. मोठ्या कारखान्यांच्या ऑर्डरी थांबल्या की तिथल्या लहान वर्कशॉपमध्ये आधी ओव्हरटाइम बंद होतो, मग पाळी बंद होते. 2009 मध्ये त्याचंही तेच झालं. हप्ते थकले. नव्वद दिवस हप्ता आला नाही की खातं अनुत्पादक ठरतं, मग साठ दिवसांची नोटीस आणि त्यानंतर जप्ती. ती वेळ येऊ नये म्हणून त्याने वाघोडिया रोडवरचं आपलं टेनामेंट, आधी शेजारचं ज्या भावाने गेलं होतं त्याहून बरंच कमी घेऊन विकलं, कर्ज फेडलं आणि सासुरवाडीला जाऊन राहिला. शेवटचा दाखला न्यायला आला तेव्हा त्याने सांगितलं की सोसायटीतले लोक त्याच्याशी बोलेनासे झालेत. ‘तुझ्यामुळे सगळ्यांचा भाव खाली आला’ असं त्याला तोंडावर ऐकवलं गेलं होतं. ज्याची नोकरी गेली, घर गेलं, त्यालाच दोष! आणि बोलणारे सगळे तिथेच राहणार होते. एकालाही घर विकायचं नव्हतं, म्हणजे एकाचाही रुपया प्रत्यक्षात बुडाला नव्हता.

तेव्हापासून मी पाहत आले आहे, मंदीत आपल्याकडे घर स्वस्तात विकणं ही शरमेची बाब होते. ‘कितीला गेलं ते सोसायटीत कळू देऊ नका’ असं ब्रोकरला बजावलं जातं. बाकीचे जुन्या भावाला चिकटून बसतात, बोर्ड लावतात, दोन-दोन वर्षं फ्लॅट कुलूप लावून ठेवतात. हा फक्त आपलाच स्वभाव नव्हे. बोस्टनमध्ये 1990 च्या दशकातल्या फ्लॅटविक्रीचा अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यास केला, तेव्हा आढळलं की ज्यांना खरेदीपेक्षा कमी किंमत येणार होती ते इतरांपेक्षा चढा भाव सांगत होते आणि त्यांची घरं जास्त काळ पडून राहत होती. त्यामुळे मंदीत भाव कोसळलेला दिसण्याआधी व्यवहारच थांबतात. विकणारा अडतो, घेणारा थांबतो, आणि ज्याला नाइलाजाने विकावंच लागतं तो एकटा सगळ्यांच्या नजरेत येतो.

परदेशात भाव किती उतरू शकतात हे सर्वांना ठाऊक आहे. अमेरिकेत 2006 नंतर घरं सरासरी पावभागाहून अधिक उतरली, आयर्लंडमध्ये तर जवळपास निम्म्यावर आली. ब्रिटनमध्ये 1991 या एका वर्षात सुमारे 75 हजार घरं कर्जदारांकडून परत घेतली गेली. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत, राहत्या घराच्या खरेदीसाठी घेतलेल्या कर्जात बँकेला घरापलीकडे वसुली करता येत नाही. म्हणून तिथे लोक किल्ली देऊन मोकळे झाले. आपल्याकडे तसं नाही. घर लिलावात गेलं तरी उरलेलं कर्ज कर्जदाराच्या मानेवर राहतं. म्हणून चढत्या बाजारात पदरचं सगळं लावून घर घेणाऱ्या तरुण जोडप्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, सहा महिन्यांचे हप्ते बाजूला ठेवल्याशिवाय बानाखतावर, म्हणजे खरेदीच्या करारावर, सही करू नका. आणि स्वस्त आहे म्हणून अर्धवट स्कीममध्येही शिरू नका. नवी बुकिंगं आटली की काम रखडतं. रेरामुळे ग्राहकांचे 70 टक्के पैसे वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात हे खरं, पण खात्यात पैसेच येईनात तर इमारत उभी कशी राहणार?

आता सरकारबद्दल. भाव उतरू शकतो हे आपल्या व्यवस्थेने नीट गृहीतच धरलेलं नाही. गुजरातमध्ये 2011 ची जंत्री, म्हणजे सरकारने ठरवलेले घर-जमिनीचे दर, बारा वर्षं तशीच होती आणि 15 एप्रिल 2023 पासून ती एका फटक्यात जवळपास दुप्पट झाली. वाढवताना हात आखडला नाही. पण एखाद्या भागात खरा भाव जंत्रीच्या खाली गेला तर काय? मुद्रांक शुल्क जंत्रीवरच भरायचं. शिवाय फरक दहा टक्क्यांच्या पुढे गेला तर आयकर कायद्याप्रमाणे विकणाऱ्याला न मिळालेल्या पैशांवर भांडवली नफ्याचा हिशेब द्यायचा, आणि घेणाऱ्याला तो फरक उत्पन्न म्हणून दाखवायचा. मूल्यांकन अधिकाऱ्याकडे दाद मागता येते, पण दोन खोल्यांच्या फ्लॅटसाठी कोण एवढे हेलपाटे घालणार? अडचणीत सापडून स्वस्तात विकणाऱ्या त्या कामगारासारख्या माणसाला सोसायटी दोष देते आणि कायदा कर लावतो.

आपल्या वर्तमानपत्राला माझी विनंती आहे. बडोद्यातल्या घरांबद्दल लिहाल तेव्हा बिल्डरने सांगितलेला दर छापून थांबू नका. सब-रजिस्ट्रार कचेरीत त्या महिन्यात किती दस्तावेज झाले तेही छापा. मांजलपूर, कारेलीबाग, समा, गोत्री अशा भागांत जंत्री किती आणि प्रत्यक्ष व्यवहार कितीला होतात हे शेजारी शेजारी द्या. भाडेकरूंना विचारा. लहान घर विकून मोठं घेऊ पाहणाऱ्यांना विचारा. त्यांचं चाळीसचं घर बत्तीसला गेलं तरी ऐंशीचं चौसष्टला मिळतं, म्हणजे भाव उतरण्यात त्यांचा फायदाच असतो. आणि जंत्री जशी वाढते तशी ती भागवार, दरवर्षी, खालीही यावी ही मागणी आपल्या अग्रलेखातून गांधीनगरपर्यंत पोहोचवा.

आपली,
एक निवृत्त बँक कर्मचारी
कारेलीबाग, बडोदे