दुसऱ्याच राउटरची कॉन्फिग भरून दिलेल्या राउटरबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा व्यवस्थापक,
ठाणे कार्यालय.

विषय : चार पोर्टच्या सॉफ्टवेअर राउटरमधल्या इंटरफेसची चुकीची मांडणी, अर्धवट दुरुस्ती आणि घेतलेल्या भेट-शुल्काचा परतावा.

महोदय,

ऐरोलीतल्या आमच्या सोसायटीसाठी आपल्या कंपनीने सॉफ्टवेअर राउटर (आतलं जाळं इंटरनेटला जोडणारं यंत्र) पुरवला आणि बसवून दिला. त्यात लिनक्सवर आधारलेली व्हायओएस ही प्रणाली आहे. सोसायटीचं कार्यालय, दोन्ही गेटचे इंटरकॉम, १६ कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर आणि क्लबहाउसमधलं पाहुण्यांचं वायफाय हे सगळं त्याच्यावर चालतं आणि इंटरनेटच्या दोन लाइन त्याला जोडलेल्या आहेत. बसवल्यापासून आपले इंजिनिअर तीनदा येऊन गेले, दोन भेटींचे पैसे आमच्याकडून घेतले गेले आणि तिन्ही वेळा ‘लाइनचा दोष’ असा शेरा मारून तक्रार बंद झाली. दोष लाइनचा नाही आणि व्हायओएसचाही नाही. आपण यंत्रात दुसऱ्याच यंत्राची कॉन्फिग (सगळ्या सेटिंगची फाइल) भरून दिलीत. तिसऱ्या भेटीनंतर पासवर्ड हातात आला, तेव्हा आमच्या तांत्रिक समितीने कन्सोल केबल (राउटरशी थेट जोडणारी, वेग ११५२०० बिट प्रति सेकंद) लावून सगळं तपासलं. जे आढळलं ते खाली लिहितो आहोत. आपल्या वरिष्ठ इंजिनिअरने ते यंत्रासमोर बसून पडताळून पाहावं.

राउटरच्या बुडाशी पांढरं लेबल आहे. त्यावर चार पोर्टचे चार मॅक पत्ते (प्रत्येक पोर्टचा कारखान्यात ठरलेला ओळख-क्रमांक) छापलेत, शेवट २सी, २डी, २ई आणि २एफ. कॉन्फिगमध्ये ईटीएच० ते ईटीएच३ या चार इंटरफेसखाली (म्हणजे प्रणालीतल्या पोर्टच्या नावांखाली) ‘हार्डवेअर-आयडी’ म्हणून जे पत्ते आहेत, त्यांचा शेवट ७०, ७१, ७२, ७३. हे पत्ते या यंत्राचे नाहीतच. आपल्या कार्यशाळेतल्या नमुना यंत्राची कॉन्फिग जशीच्या तशी इथे उतरवली गेली, आणि त्या चार ओळी काढायच्या राहिल्या, एवढाच याचा अर्थ निघतो.

याचा परिणाम काय होतो? लिनक्समध्ये पोर्टना मिळणारी नावं कार्ड कोणत्या क्रमाने सापडतात त्यावर बदलू शकतात, म्हणून व्हायओएस प्रत्येक नाव मॅक पत्त्याशी बांधून ठेवतं. ही सोय चांगलीच आहे. पण बूट होताना प्रणालीला ७० ते ७३ वाले पोर्ट सापडले नाहीत. जे चार खरे पोर्ट होते ते तिच्या दृष्टीने नवे, म्हणून त्यांना पुढची मोकळी नावं मिळाली : ईटीएच४ ते ईटीएच७. पत्ते, व्हीलॅन (एकाच केबलवरची वेगवेगळी जाळी), फायरवॉल (वाहतूक अडवणारे नियम) हे सगळं लिहिलेलं ईटीएच० ते ३ वर, आणि केबल लावलेले पोर्ट मात्र कोरे. पहिल्याच दिवशी चारही पोर्टचे दिवे लागलेले असताना एकाही संगणकाला आयपी मिळत नव्हता, त्याचं कारण हे.

यावर उपाय दहा मिनिटांचा होता. कन्सोलवरून कॉन्फिगच्या फाइलची प्रत ठेवायची, प्रणालीने आपोआप जोडलेले ईटीएच४ ते ७ चे चार भाग काढायचे, वरच्या चार हार्डवेअर-आयडीच्या जागी लेबलवरचे पत्ते घालायचे आणि यंत्र पुन्हा चालू करायचं. सुरुवातीला ईटीएच४ ते ७ खाली आपल्या हाताने लिहिलेलं काहीच नव्हतं, त्यामुळे ते काढताना काही गमावण्याचीही भीती नव्हती.

आपल्या पहिल्या इंजिनिअरने मूळ चुकीला हातच लावला नाही. त्याने ईटीएच४ आणि ५ वर नव्याने सेटिंग लिहिली, कमिट केलं आणि इंटरनेट चालू झालेलं दाखवून तो गेला. कमिटने बदल चालू यंत्राला लागतो, डिस्कवर उतरत नाही. त्यासाठी सेव्ह करावं लागतं. ते केलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वीज गेली, २० मिनिटांनी यूपीएसही संपला आणि वीज आल्यावर राउटर पुन्हा कोरा उठला. रात्रभर दोन्ही गेटचे इंटरकॉम बंद होते. या बिघाडाच्या दुरुस्तीचे पैसे आपण आमच्याकडून घेतलेत.

दुसऱ्या भेटीत सेव्ह झालं, पण आता एकाच कॉन्फिगमध्ये नावांचे दोन संच झाले, आणि यातून जे उद्भवलं ते जास्त गंभीर आहे. व्हीलॅन १० व्यवस्थापनासाठी, २० कार्यालयासाठी, ३० कॅमेऱ्यांसाठी, ४० पाहुण्यांसाठी अशी मांडणी ठरली होती आणि पाहुण्यांकडून कॅमेऱ्यांकडे जाणारी वाट बंद करणारा नियमही कॉन्फिगमध्ये आहे. मात्र तो लिहिलेला आहे ईटीएच१.४० (ईटीएच१ वरचं व्हीलॅन ४०) या नावावर. पाहुण्यांची वाहतूक प्रत्यक्षात येते ईटीएच५.४० वरून. त्यामुळे तो नियम एकदाही लागू होत नाही, त्याच्यापुढचा मोजणीचा आकडा आजही शून्य आहे. राउटर आपल्याला जोडलेल्या सगळ्या जाळ्यांमध्ये वाहतूक पोचवतच असतो, नुसतं व्हीलॅन वेगळं केल्याने ती अडत नाही. क्लबहाउसच्या वायफायवर आलेल्या कोणाच्याही मोबाइलवरून रेकॉर्डरचं लॉगिन पान उघडत होतं. इमारतीतल्या मुलाबाळांच्या, म्हाताऱ्या माणसांच्या येण्याजाण्याचं चित्रण त्यात आहे. हे आपण उघडं ठेवलंत, आणि आम्ही लेखी विचारल्यावर ‘व्हीलॅन केलेलं आहे, काळजी नसावी’ असं उत्तर दिलंत. आम्हाला सगळ्यात जास्त राग याचा आहे. सध्या आम्ही क्लबहाउसचं वायफाय बंद ठेवलं आहे.

‘काही साइट उघडतात, काही अर्ध्यावर लटकतात’ ही रहिवाशांची तक्रारही याच गोंधळातून आली. पहिली लाइन पीपीपीओईवर (नाव-पासवर्ड देऊन लाइन जोडण्याची पद्धत) आहे. पीपीपीओई प्रत्येक पॅकेटमधले ८ बाइट खातं, म्हणून तिथला एमटीयू (एका पॅकेटची कमाल लांबी) १५०० ऐवजी १४९२. आतले संगणक मात्र १५०० धरूनच बोलणी करतात, म्हणून राउटरने टीसीपीचा एमएसएस (एका पॅकेटमधल्या मजकुराची कमाल लांबी) १४५२ पर्यंत खाली आणावा लागतो. मूळ कॉन्फिगमध्ये पीपीपीओई० खाली ही ओळ होती. इंजिनिअरने ईटीएच४ वर नवीन पीपीपीओई१ उभारला, त्यात ती घालायची राहिली. तपासायला सोपं आहे : पॅकेट तोडायचं नाही अशी खूण लावून पिंग (उत्तर मागणारी चाचणी) केलं की १४६४ बाइटचं जातं (वर २८ बाइटचे हेडर, मिळून १४९२) आणि १४६५ चं जात नाही. लाइन खराब असती तर लहान-मोठी सगळीच पॅकेटं कधी ना कधी गळली असती. एका बाइटवर नेमकी रेघ पडली नसती.

दुसऱ्या लाइनचं दुखणं वेगळं आहे, पण चूक तितकीच प्राथमिक. त्या लाइनचा ओएनटी (फायबर जिथे येऊन जोडली जाते ते उपकरण) स्वतः राउटर म्हणून चालतो, त्याचा पत्ता १९२.१६८.१.१. आपण कार्यालयाच्या जाळ्यालाही १९२.१६८.१.०/२४ हाच पत्त्यांचा पट्टा दिलात आणि आमच्या राउटरला त्यात १९२.१६८.१.१ हाच पत्ता दिलात. म्हणजे दुसऱ्या लाइनचा गेटवे (बाहेर जाण्याचं दार) म्हणून राउटरला त्याचा स्वतःचाच पत्ता मिळतो. पहिली लाइन गेल्यावर दुसरी चालू होणं शक्यच नव्हतं. आतलं जाळं १०.२०.२०.०/२४ सारख्या वेगळ्या पट्ट्यात न्यायला हवं. शिवाय लाइन पडली की नाही हे केवळ पोर्टच्या दिव्यावरून ठरवलेलं आहे. बाहेर फायबर तुटली तरी ओएनटीला वीज असते, त्यामुळे इथला दिवा लागलेलाच राहतो. त्या त्या लाइनमधून बाहेरच्या दोन पत्त्यांना ठराविक वेळाने पिंग जाऊन त्यावर निर्णय व्हायला हवा. बदल केल्यावर चाचणी घेताना राउटरची केबल उपसू नका, ओएनटीमागची फायबर काढून घ्या.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत आपल्याकडून पुढील गोष्टी व्हाव्यात. हार्डवेअर-आयडी लेबलप्रमाणे दुरुस्त करून सगळी कॉन्फिग ईटीएच० ते ३ या एकाच संचावर आणावी आणि ईटीएच४ ते ७ व पीपीपीओई१ च्या नोंदी पूर्ण काढाव्यात. काम कन्सोलवरूनच व्हावं. दुरून करायचंच असेल तर ‘कमिट-कन्फर्म’ वापरावं, म्हणजे बदल चुकला आणि पुष्टी देता आली नाही तर ठरलेल्या वेळेने यंत्र आपोआप जुन्या कॉन्फिगवर येईल. सेव्ह केल्यानंतर समितीच्या दोन सदस्यांसमोर यंत्राची वीज काढून पुन्हा लावावी आणि चारही व्हीलॅनवर पत्ते मिळतात, पाहुण्यांकडून रेकॉर्डर उघडत नाही, १४६४ च्या पिंगला उत्तर येतं आणि फायबर काढल्यावर दुसरी लाइन चालू होते, हे दाखवून द्यावं. अंतिम कॉन्फिगची प्रत आम्हाला द्यावी. पासवर्ड आम्ही बदलणार आहोत, तो सोसायटीकडेच राहील. दोन्ही भेटींचं शुल्क परत करावं आणि तिन्ही तक्रारींवरचा ‘लाइनचा दोष’ हा शेरा बदलून ‘पुरवठादाराची कॉन्फिगमधली चूक’ अशी लेखी नोंद द्यावी. याच नमुना कॉन्फिगवरून आपण आणखी ग्राहकांना यंत्रं दिली असतील, तर त्यांच्याकडेही जाऊन लेबल आणि हार्डवेअर-आयडी जुळवून पाहा. त्यांच्याकडेही कॅमेरे असतील.

मुदतीत काम झालं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करण्याचा ठराव कार्यकारी समितीने केला आहे. बिल, तिन्ही भेटींचे अहवाल, लेबलचा फोटो आणि सध्याच्या कॉन्फिगची पासवर्ड वगळलेली प्रत या पत्राला जोडली आहे. भेटीची वेळ आदल्या दिवशी कळवावी. सोसायटीचं कार्यालय सकाळी १० ते १ उघडं असतं.

आपले,
सचिव आणि तांत्रिक समिती,
सहकारी गृहनिर्माण संस्था,
ऐरोली, नवी मुंबई.