झुडपातल्या टर्कीसाठी काडतूस

प्रिय नंदू,
सप्रेम नमस्कार.

रानटर्की या पक्ष्याच्या शिकारीसाठी साडेतीन इंची लांब, सव्वादोन औंस छर्र्यांची काडतुसं घ्यायचं तुझ्या मनात आहे. अजून घेतली नसशील तर थांब. काडतुसं चांगलीच आहेत, पण ती कुरणाच्या कडेला, लांबच्या पक्ष्यासाठी. अमेरिकेत मिझुरी राज्याच्या ओझार्क डोंगराळ भागातल्या ज्या रानात तू बसणार आहेस तिथे सीडरच्या झाडांची दाटी, ब्लॅकबेरी आणि मल्टिफ्लोरा रोझ या काटेरी रानगुलाबाच्या जाळ्या. आपली करवंदीची जाळी आठव. तिथे पक्षी दिसतो तोच १५ ते २५ यार्डांवर (एक यार्ड म्हणजे तीन फूट). मिझुरीचा वसंतातला हंगाम तीन आठवड्यांचा. सुरुवातीला ओकला नुकती पालवी असते, शेवटी त्याच बुंध्याशी बसून निम्मंही रान दिसत नाही.

जाड छर्रा फांद्या फोडून जातो, हे डोक्यातून काढून टाक. पेन्सिलीएवढ्या काटकीवर आपटला तरी छर्रा वेग गमावतो आणि भरकटतो, टंगस्टन या जड धातूचासुद्धा. झुडपातून मारायचं काडतूस अजून कुणी बनवलेलं नाही. निवडायचं ते जवळच्या अंतरासाठी. बसल्याबसल्या समोरच्या मोकळ्या फटी हेरून ठेव. पक्षी फटीत येईपर्यंत चापाला बोट लावू नकोस. पानांआडून बार काढलास तर तो जखमी होऊन जाळीत शिरेल आणि सापडणार नाही.

नेम धरायचा तो डोक्यावर आणि मानेवर. नर पिसारा फुलवून मिरवत असतो तेव्हा मान आत ओढलेली असते, तेव्हा मारू नये. हलकेच एक ‘क्लक’ दे, म्हणजे मादीसारखा तुटक आवाज काढ. तो मान ताणून बघेल, तो क्षण तुझा.

आता छर्रे. नंबर वाढतो तसा छर्रा बारीक होतो. मिझुरीत टर्कीसाठी ४ नंबरहून जाड चालत नाही. शिशाचे ४ नंबरचे छर्रे औंसाला साधारण १३५ बसतात, ५ चे १७०, ६ चे २२५. म्हणजे बारा बोरच्या (बोर म्हणजे नळीच्या रुंदीचं माप) तीन इंची, पावणेदोन औंसांच्या काडतुसात ४ चे सुमारे २३५, ५ चे तीनशेच्या आसपास आणि ६ चे चारशेला थोडे कमी. पंचवीस यार्डांवर ६ नंबरलाही मानेचा कणा मोडण्याइतका जोर असतो, म्हणून तुझ्या जागेसाठी मी ५ किंवा ६ च घे म्हणेन. टंगस्टनचे टीएसएस (टंगस्टन सुपर शॉट) छर्रे शिशाच्या दीडपटीहून जास्त घनतेचे; त्यातला ९ नंबर जेमतेम २ मिलिमीटरचा असूनही लांबवर काम करतो. पण त्याची किंमत लांब पल्ल्यासाठी मोजायची, आणि तो पल्ला तुझ्याकडे नाही. काही सरकारी क्षेत्रांत मात्र शिसं चालतच नाही, तिथे त्याचा विचार कर. आधी तुझा चोक, म्हणजे छर्रे एकत्र ठेवणारा नळीच्या तोंडाचा आवळ भाग, टंगस्टनला चालतो ना, ते बघ.

खरी चूक होते ती चोकमध्ये. टर्कीचा खास घट्ट चोक १५ यार्डांवर छर्र्यांचा गठ्ठा मोसंबीएवढाच ठेवतो. मग तळहाताएवढी चूक झाली की पूर्ण हुकतं. तुला मॉडिफाइड, म्हणजे मध्यम आवळ चोक पुरेल, फार तर फुल, म्हणजे त्याहून घट्ट.

हे कागदावर पडताळ. तीन फूट रुंद कागद, मध्ये लहान ठिपका, मागे मातीचा बांध, कानांवर आणि डोळ्यांवर संरक्षण. नेम तपासायला आधी हलकी काडतुसं उडव. मग हंगामातलं काडतूस १५, २५ आणि ३५ यार्डांवर, प्रत्येक अंतरावर तीनदा, दर वेळी नवा कागद. जमिनीवर बसून, गुडघ्यावर बंदूक टेकवून मार, कारण रानात तसाच बसशील. गाल बंदुकीच्या दस्त्यावरून उचलला की बार वर जातो. छर्रे जिथे दाट, तिथे १० इंची वर्तुळ काढून मोज. शंभर भरले तर ते अंतर तुझं. त्यापुढे मारायचं नाही. वर्तुळाचा मध्य ठिपक्यापासून किती सरकला तेही लिहून ठेव.

नळीवर कोरलेलं माप वाच. पावणेतीन इंची घरात, म्हणजे नळीतल्या काडतूस बसायच्या जागेत, तीन इंची काडतूस बसल्यासारखं वाटतं, कारण काडतुसाची लांबी उडाल्यानंतरची मोजतात. तोंडाची घडी उलगडायला जागा मिळत नाही आणि दाब भलताच चढतो. खिशात वीस बोरचं काडतूस चुकूनही ठेवू नकोस. ते बारा बोरच्या नळीत पुढे सरकून अडकतं, मागून दुसरं भरून उडवलं की नळी फुटते. वीस बोरची काडतुसं पिवळी असतात ती याचसाठी.

लाल, पांढरं, निळं काही अंगावर नको, मोजेसुद्धा नकोत. नराच्या डोक्याचे रंग तेच. पाठ खांद्याहून रुंद बुंध्याला लाव. आणि आवाजाच्या दिशेने रांगत जाऊ नकोस, तिथे दुसरा शिकारी बसलेला असू शकतो.

कागदांचे फोटो पाठव, छर्रे आपण मिळून मोजू.

तुझा,
अविनाश