विमा हवाच, पण आधी दवाखाना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आरोग्यसेवा सरकारने चालवावी की खासगी क्षेत्रावर सोडावी, या विषयावर आपल्या दैनिकात गेले काही दिवस वाचकांची पत्रे येत आहेत. एका पत्रलेखकांच्या मते करदात्यांच्या पैशांतून मोफत उपचार देणे हे निव्वळ रेवडीवाटप असून सरकारने या क्षेत्रातून अंग काढून घ्यावे. तर त्यांना उत्तर देणाऱ्या भगिनींनी सरकारी रुग्णालयांची बाजू अशा भक्तिभावाने मांडली आहे की केसपेपरच्या रांगेत त्यांना कधी उभे राहावे लागले नसावे, अशी शंका येते. माझी सारी नोकरी भोसरीतील लहान कारखान्यांचे हिशेब लिहिण्यात गेली आणि कामगारांची ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेची, वर्गणी भरणे हा त्या कामाचा भाग होता. त्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की सरकारने आरोग्यावरील पैसा सर्वप्रथम वस्तीतल्या दवाखान्यावर, तिथल्या डॉक्टर-परिचारिकांवर आणि औषधांवर खर्च करावा; मोठ्या शस्त्रक्रियांची बिले भागवणाऱ्या विमा योजनांचा क्रम त्यानंतरचा. आपल्याकडे गेल्या दशकभरात हा क्रम उलटा होत गेला आहे.

मुळात सरकार या क्षेत्राबाहेर कधीच नव्हते. केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी सीजीएचएस ही आरोग्य योजना १९५४ पासून चालू आहे आणि पुण्यात तिचे लाभार्थी पुष्कळ आहेत. मेडिक्लेमच्या हप्त्यावर जुन्या करप्रणालीत आयकरात वजावट मिळते, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरील १८ टक्के जीएसटीही माफ झाला आहे. सरकारने न घेतलेला कर हाही अखेर तिजोरीवरचाच भार असतो, हे हिशेबनिसाला वेगळे सांगावे लागत नाही. कोथरूडमध्ये राहणाऱ्या माझ्यासारख्याला मिळते ती ‘सवलत’ आणि जनता वसाहतीसारख्या झोपडपट्टीत राहून चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईंना मिळते ती ‘रेवडी’, असा भेद करायचा असेल तर त्याचे कारण तरी स्पष्ट सांगावे.

कल्याणकारी राज्य हे केवळ समाजवाद्यांचे खूळ आहे, हा समजही तपासून घेतलेला बरा. कामगारांसाठी सक्तीचा आजारपण विमा देशव्यापी पातळीवर प्रथम आणला तो १८८३ मध्ये जर्मनीत बिस्मार्कने, आणि समाजवाद्यांचे बळ तोडणे हा त्यामागचा एक हेतू होता. ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा ५ जुलै १९४८ रोजी सुरू झाली. पण त्याआधीच, १९४६ मध्ये, सर जोसेफ भोर यांच्या समितीने आपल्या देशासाठी अहवाल देऊन ठेवला होता. पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही पुरेशा उपचारांवाचून राहू नये, हे त्या समितीचे मूळ तत्त्व होते, आणि पहिल्या टप्प्यात दर ४० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, ही तिची शिफारस होती. पुढे राज्यघटनेच्या अनुच्छेद ४७ने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य ठरवले. हा अनुच्छेद मार्गदर्शक तत्त्वांत असल्याने त्याच्या आधारे न्यायालयात थेट दाद मागता येत नाही, हे खरे. तथापि पश्चिम बंगालमध्ये रेल्वेतून पडून जबर जखमी झालेल्या एका शेतमजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवले, त्या प्रकरणात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे उपचार नाकारणे म्हणजे अनुच्छेद २१ खालील जगण्याच्या हक्काचा भंग असल्याचा निर्वाळा दिला आणि पैशांच्या अडचणीची सबबही मान्य केली नाही.

आता ईएसआयविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण या वादात तिचा उल्लेख कोणीच केलेला नाही. १९४८च्या कायद्याने आलेली ही योजना कोणाच्या उपकारावर चालत नाही. जुलै २०१९ पासून कामगाराच्या वेतनातून ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के वर्गणी घेतली जाते. म्हणजे १८ हजार रुपये वेतन असलेल्या कामगाराचे महिन्याला १३५ रुपये कापले जातात आणि मालक ५८५ रुपये भरतो. या ७२० रुपयांत त्याच्या संपूर्ण कुटुंबाला तापाच्या गोळीपासून शस्त्रक्रियेपर्यंत उपचार मिळण्याचा हक्क येतो, आणि आजारपणात कामावर जाता आले नाही तर वर्षात ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के भरपाईही मिळते. बाजारात या किमतीला असा विमा मिळणे अशक्य आहे. पण या योजनेला एक विचित्र कुंपण आहे. २०१७ पासून वेतनाची मर्यादा २१ हजार रुपये ठेवल्यामुळे त्यापुढे पगार गेला की वर्गणीचा चालू कालावधी संपताच कुटुंब योजनेबाहेर पडते. घरात मधुमेही आई किंवा दम्याचे मूल असलेला कामगार पगारवाढीच्या पत्रावर सही करताना का-कू करतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. हजार-पंधराशेची वाढ घेऊन औषधपाण्याची हमी गमवायची, हा सौदा त्याला परवडत नाही, आणि त्याचा हिशेब चुकीचा असतो असे मला कधी वाटले नाही. मोफत मिळाले की लोक आळशी होतात, असे म्हणणाऱ्यांनी या कामगाराचा विचार करावा: तो वर्गणी भरून हक्क मिळवतो आणि कायद्यातल्या एका आकड्यामुळे तो गमावतो.

विमा योजनांना माझा विरोध नाही. २०१२ मध्ये राज्यात सुरू झालेली जीवनदायी योजना, २०१७ पासून महात्मा फुले जन आरोग्य योजना म्हणून ओळखली जाणारी, आणि २०१८ची आयुष्मान भारत यांनी हृदयशस्त्रक्रिया, कर्करोग, डायलिसिस यांच्या खर्चापायी देशोधडीला लागणारी अनेक घरे वाचवली आहेत. २०२३ मध्ये राज्य सरकारने फुले योजनेचे छत्र सर्व रेशनकार्डधारकांवर धरण्याचा आणि मर्यादा कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत नेण्याचा निर्णय घेतला, तोही स्वागतार्हच होता. परंतु या योजनांचा सगळा भर रुग्णालयात भरती होण्यावर आहे. केंद्राच्या योजनेत भरतीपूर्वीचे ३ दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस धरले जातात; सोळाव्या दिवसापासून रक्तदाबाची गोळी रुग्णाने आपल्या पैशाने घ्यायची. आणि सामान्य घराचा पैसा मुख्यतः तिथेच झिरपून जातो: डॉक्टरची फी, रक्त-लघवीच्या तपासण्या, आणि महिन्याच्या महिन्याला मेडिकलच्या दुकानातले बिल. बाह्यरुग्ण उपचारांत लोकांच्या खिशातून जाणाऱ्या पैशाचा सर्वांत मोठा वाटा औषधांचा असतो, हे राष्ट्रीय नमुना पाहणीतून वारंवार दिसले आहे. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्य खर्चातील लोकांनी स्वतःच्या खिशातून केलेल्या खर्चाचे प्रमाण २०१३-१४ मधील ६४.२ टक्क्यांवरून २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आले. ही घट मोठी आहे आणि तिचे श्रेय सरकारला दिलेच पाहिजे. मात्र त्याच वर्षी सरकारचा आरोग्य खर्च देशाच्या सकल देशांतर्गत उत्पादनाच्या १.८४ टक्के होता आणि २०१७च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत तो २.५ टक्के करण्याचे उद्दिष्ट ठेवले होते, हेही सोबत सांगितले पाहिजे.

आणखी एक व्यावहारिक बाब. ज्याची नस बंद झाली आहे त्याला अँजिओप्लास्टी मिळते. पण ती नस बंद होऊ नये म्हणून वीस वर्षे लागणारी स्वस्त गोळी आणि तपासणी यांची जबाबदारी कोणीच घेत नाही. बिल भागवणारे सरकार रोग बळावण्याची वाट पाहत बसते, हा दोष योजनेच्या रचनेतच आहे.

बाजारावर सोडा, या म्हणण्याला अर्थशास्त्रातूनच उत्तर मिळते. केनेथ अॅरो यांनी १९६३ मध्येच दाखवून दिले की आजारी माणूस हा नेहमीसारखा ग्राहक नसतो; त्याला काय हवे हे विकणाराच ठरवतो आणि आजार केव्हा येईल हे कोणालाच ठाऊक नसते. पुण्याने याचा अनुभव २०२०मध्ये घेतला. राज्यातले पहिले दोन करोना रुग्ण ९ मार्चला इथेच सापडले आणि त्यांना दाखल करून घेतले ते महापालिकेच्या नायडू रुग्णालयाने. पुढे मे महिन्यात राज्य सरकारला खासगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटा आपल्या नियंत्रणाखाली घ्याव्या लागल्या आणि दिवसाचे दर साध्या विलगीकरणासाठी ४,०००, अतिदक्षता विभागासाठी ७,५०० व व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये असे बांधून द्यावे लागले.

अर्थात सरकारी कारभारावरचा राग निराधार नाही, आणि पुणेकरांना तर तो वारशानेच मिळाला आहे. १८९७ मध्ये प्लेगच्या तपासणीसाठी घराघरांत शिरलेले सैनिक हेही आरोग्य क्षेत्रातले सरकारच होते. त्याची परिणती रँडच्या वधात झाली. पण त्याच वर्षी, त्याच साथीत, सावित्रीबाई फुले हडपसरजवळ मुलाच्या दवाखान्यात रुग्णांची सेवा करताना प्लेगनेच गेल्या, आणि टिळकांनी सरकारी अरेरावीवर टीका करतानाच प्लेगच्या रुग्णांसाठी रुग्णालयही चालवले. अलीकडचे सांगायचे तर २०२३च्या ऑक्टोबरमध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात एका दिवसात २४ मृत्यू झाले, औषधटंचाईचा आरोप झाला आणि उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. राज्याची औषधखरेदी आधी सरकारच्याच हाफकिन महामंडळाकडे सोपवली, मग २०२३ मध्ये तिच्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण काढले. तमिळनाडूने हेच काम एका महामंडळाकडे देऊन ते १९९५ पासून पारदर्शीपणे चालवून दाखवले आहे. खरेदी नीट होत नसेल तर खरेदी सुधारावी. त्यासाठी दवाखाना बंद करण्याचे प्रयोजन मला समजत नाही.

रोख रक्कम द्यावी की सेवा द्यावी, हाही या वादाचाच एक पदर आहे. लाडकी बहीण योजनेतून मिळणारे दरमहा १,५०० रुपये गरीब घरात किती मोलाचे असतात, हे मी नाकारत नाही. मात्र जाहीर झाली तेव्हा या योजनेसाठी वर्षाला ४६ हजार कोटींचा अंदाज धरण्यात आला होता. घरात मधुमेह आणि रक्तदाब असे दोन रुग्ण असतील, तर त्या दीड हजारातला चांगला मोठा भाग औषधांच्या दुकानात जातो. सरकारने घाऊक खरेदी केलेले तेच औषध त्या बहिणीला दवाखान्यात मिळाले असते, तर पैसे तिच्या हातात राहिले असते.

आता पुण्याविषयी. या एका शहरात सार्वजनिक आरोग्यसेवेचे तीन मालक आहेत. ससून वैद्यकीय शिक्षण विभागाचे, औंधचे जिल्हा रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाचे, आणि कमला नेहरू, नायडू व पेठापेठांतले दवाखाने महापालिकेचे. १५ ऑगस्ट २०२३ पासून सरकारी रुग्णालयांतले उपचार मोफत झाले, अशा बातम्या आपण वाचल्या. पण तो निर्णय सार्वजनिक आरोग्य विभागापुरता होता आणि वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये त्यात नव्हती. म्हणजे औंधला मोफत आणि स्टेशनजवळच्या ससूनमध्ये सशुल्क. रुग्णाने रिक्षात बसण्यापूर्वी शासन निर्णय वाचावा अशी अपेक्षा आहे की काय, कोण जाणे!

चौथा भागीदार म्हणजे धर्मादाय रुग्णालये. करसवलती आणि अनेकदा सवलतीची जमीन घेतलेल्या या रुग्णालयांनी सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१एए आणि उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धनांना मोफत, १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या आहेत आणि बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत बाजूला ठेवायची आहे. एप्रिल २०२५ मध्ये एका गर्भवतीकडे धर्मादाय रुग्णालयाने मागितलेल्या अनामत रकमेवरून या शहरात जो संताप उसळला, त्यानंतर काही आठवडे ही कलमे सर्वांना तोंडपाठ होती. आज कोणत्या रुग्णालयात अशा किती खाटा रिकाम्या आहेत, हे सामान्य माणसाला प्रवेशद्वारावरच कळेल अशी सोय हवी.

मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यानंतर महापालिकेत दीर्घ काळ प्रशासकच होते आणि दवाखान्यात औषध का नाही, हे विचारायला नगरसेवकही उरले नव्हते. म्हणून आपल्या दैनिकामार्फत पालिकेच्या आरोग्य विभागाकडे माझी मागणी आहे की प्रत्येक दवाखान्याबाहेर मंजूर पदे, भरलेली पदे, त्या महिन्यात संपलेली औषधे आणि ती कधी येणार याची तारीख फलकावर लावावी, आणि कामावर जाणाऱ्या माणसाला येता यावे म्हणून निदान काही दवाखाने रात्री नऊपर्यंत उघडे ठेवावेत. यासाठी किती माणसे व किती पैसा लागेल, याचा आकडा प्रशासनाने अंदाजपत्रकापूर्वी जाहीर करावा. तो आकडा समोर आला की परवडते की नाही, यावर आपल्या स्तंभातील मंडळींशी वाद घालायला मी तयार आहे.

आपला नम्र,
एक सेवानिवृत्त लेखापाल,
कोथरूड, पुणे