हात लावायचा नाही, तर मुलांना न्यायचे कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला बालसंग्रहालयांवरचा लेख वाचला. ब्रुकलिनला १८९९ साली पहिले बालसंग्रहालय निघाले, बोस्टनवाल्यांनी १९६० च्या दशकात काचेची कपाटे हटवून वस्तू मुलांच्या हाती दिल्या, वगैरे. ज्ञानात भर पडली, आभारी आहे. पण शेवटी लेखकमहाशयांनी खापर फोडले ते आमच्यावर. म्हणे आपल्याकडचे पालक मुलांना मॉलमध्ये नेतात, संग्रहालयात नेत नाहीत.

अहो, आम्ही नेले होते! दिवाळीच्या सुट्टीत मुलगा, सून, पाच वर्षांचा नातू आणि मी, डबा-पाण्याची बाटली घेऊन. ठिकाणाचे नाव लिहीत नाही, उगाच तिकीट खिडकीवरच्या पोराला बोलणी बसायची. दाराशी 'या, खेळा, शिका' अशी मोठी पाटी आणि आत प्रत्येक टेबलाभोवती दोरखंड. कप्पीने वजन उचलून बघायचे म्हणे, तर तिची दोरी मुलांच्या हाताला येऊ नये म्हणून वर खिळ्याला गाठ मारून ठेवलेली. पलीकडे हाताने फिरवून दिवा लावायचे यंत्र होते. त्याची मूठच गायब, नुसते भोक. नातवाने त्या भोकात बोट घातले मात्र, रखवालदाराने शिट्टी फुंकली. "एय बाबा, अडवानुं नथी!" हात लावायचा नाही म्हणे. पोर दचकून सुनेला जे चिकटले ते बाहेर पडेपर्यंत.

मी विचारले, भाऊ, याची मूठ कुठे आहे? तर शांतपणे म्हणाला, "बा, साहेबना कबाटमां छे. छोकरां तोडी नाखे."

धन्य! मुले मोडतील म्हणून मूठ साहेबांच्या कपाटात आणि मूठ नाही म्हणून दिवा अंधारात. मी निम्मे आयुष्य बालवाडीत घालवले. आमच्याकडचे ठोकळ्याच्या भोकांत बसवायचे लाकडी दट्टे हरवायचे, मण्यांच्या माळा तुटायच्या, सुतार वर्षाला एकदा येऊन सगळे ठीकठाक करून जायचा. शाळेतले एखादे साधन वर्षअखेर कोरे करकरीत दिसले की मोठ्या बाई आम्हालाच झापायच्या, की हे मुलांना दिलेच नाही ना? १९२० साली भावनगरला गिजुभाई बधेकांचे बालमंदिर निघाले, मुलांनी वस्तू हाताळत शिकायची बालशाळा, आणि आपल्या ताराबाई मोडक तिथे त्यांच्याबरोबर राबल्या. त्याच गुजरातेत शंभर वर्षांनी मुलांवर शिट्ट्या फुंकायच्या?

आणि बडोद्याला हे कुणी शिकवायची गरज नाही. राजवाड्याच्या आवारात आज जे फत्तेसिंह संग्रहालय आहे, ती मुळात राजघराण्यातल्या मुलांची शाळा. मुलांना शाळेत जायला आमराईतून छोटी आगगाडी होती, आणि पुढे तीच कमाटीबागेत तुमच्या-आमच्या पोरांसाठी धावली. मोडेल म्हणून कुणी कपाटात ठेवली नाही.

दुसऱ्या दिवशी नातवाची समजूत काढायला त्याला कमाटीबागेतल्या जुन्या म्युझियममध्ये नेले. ते काही मुलांसाठी बांधलेले नव्हे. तिथे वस्तूंना हात लावू देत नाहीत आणि ते रास्तच आहे, तिथे 'खेळा' असे कुणी लिहिलेलेही नाही. १९४४ साली महीच्या मुखाशी वाहून आलेल्या देवमाशाचा तो सांगाडा, सत्तरेक फुटांचा. पोरगा त्याच्याखालून हलेना. हा बाथरूमला कुठे जायचा, याला आई होती का, आपली रिक्षा याच्या तोंडात मावेल का. सून दमली, मी बाकावर बसले, ह्याचे चालूच. तिथली इजिप्तची ममी दाखवायची राहिलीच.

तेव्हा लेखकांना एक विनंती. पुढचा लेख लिहिण्याआधी एखादे पाच वर्षांचे पोर बरोबर घेऊन इथल्याच चार जागी फिरून यावे. लेखासोबतचा फोटोसुद्धा परदेशातलाच होता म्हणून म्हटले. आणि पालकांना शहाणपण शिकवण्याआधी त्या कपाटाची किल्ली कुणाकडे असते तेवढे विचारावे.

जाता जाता, त्याच पुरवणीतल्या 'ठिपके जोडा'ची छपाई जरा बघाल का? शाई इतकी पसरते की आकडे वाचता येत नाहीत. काल १७ नंतर काय ते मलाही चष्मा लावून कळले नाही. नातवाने हत्ती बिनसोंडेचाच रंगवला आणि खाली माझे नाव घातले.

कळावे,
एक निवृत्त बालवाडी शिक्षिका,
दांडिया बाजार, वडोदरा