कीटोची पाठीवर उमटलेली जाळी

संपादक महोदय, स.न.वि.वि.

लग्नाआधी वजन उतरवायचं म्हणून माझ्या भाचीने कीटो सुरू केलं, पोळी-भात बंद, नुसतं पनीर, अंडी नि तूप, आणि तिसऱ्या आठवड्यात पाठीवर-छातीवर लालभडक पुरळ, खाज तर इतकी की बिचारी रात्री कंगव्याने पाठ खाजवत बसायची. कुणी म्हणे घामोळं, कुणी गजकर्ण. महिनाभर ट्यूब चोपडली, ढिम्म फरक नाही. शेवटी स्किनच्या डॉक्टरांनी नाव सांगितलं, प्रुरायगो पिगमेंटोसा. १९७१ साली जपानमध्ये नागाशिमा नावाच्या डॉक्टरांनी हा पहिल्यांदा नोंदवला, तिकडे तरुण मुलींमध्येच जास्त दिसतो. पिष्टमय खाणं तोडलं की शरीर चरबी जाळतं, त्यातून तयार होणारी कीटोन नावाची द्रव्यं रक्तात वाढतात आणि काहींना त्यातून हे होतं, कडक उपासानेही होऊ शकतं (आपला साबुदाण्याचा उपास यात धरू नका!). स्टिरॉइडच्या मलमाचा यात फारसा उपयोग नसतो, डॉक्सीसायक्लिन नावाचं अँटिबायोटिक आणि परत भात-भाकरी, आठवड्यात खाज गेली. डाग मात्र राहिले, मासे धरायच्या जाळीसारखे तपकिरी, ते फिकट व्हायला महिने लागतात, म्हणून ब्लाउजचा गळा मागून वर घ्यायला लावला. तुमच्या पुरवणीत कीटोच्या रेसिपी सारख्या येतात, एखाद्या चौकटीत हे पण छापा की.

- एक मावशी, ठाणे