मोंबासातले पहिले नाशिककर

संपादक महोदय,

सप्रेम सलाम.

आपले वृत्तपत्र मी रोज सकाळी मोबाईलवर वाचते. इथे सकाळ तुमच्यापेक्षा अडीच तास उशिरा होते, त्यामुळे नाशिकची बातमी मला चहाबरोबर मिळते तेव्हा तिकडे लोक कामाला लागलेले असतात. मध्यंतरी याच सदरात एका गृहस्थांनी लिहिले होते की परदेशात पैसा मिळतो, पण शेजार मिळत नाही. त्यांचा अनुभव त्यांच्यापाशी. माझा अगदी उलटा आहे, म्हणून हे पत्र.

मी नर्स आहे, शिक्षण मिरजेचे. नोकरीची बहुतेक वर्षे नाशिक जिल्ह्यात गेली. माझे यजमान वर्कशॉपमध्ये मुलांना फिटर आणि वेल्डरचे काम शिकवायचे. मुलगा मार्गी लागला, मग मंडळीतर्फे, म्हणजे आमच्या चर्चतर्फे, आम्ही दोघे केनियात, मोंबासाला आलो. हे इथल्या पोरांना वेल्डिंग शिकवतात. मी एका छोट्या दवाखान्यात आहे. नर्स म्हणून इथली नोंदणी अजून व्हायची आहे, तोवर औषधाला हात लावत नाही. बाळांची वजने करते, आयांशी मोडक्या स्वाहिलीत बोलते आणि त्या हसल्या की मीही हसते.

'मिशनरी' म्हटले की आपल्याकडे हल्ली भुवया कुठे जातात ते मला ठाऊक आहे. त्या वादात मी इथून पडत नाही. एवढेच सांगते, की सेवा करायला म्हणून आम्ही आलो आणि आल्यापासून आमचीच सेवा चालली आहे.

आमची घरमालकीण मुसलमान आहे. समुद्रकाठच्या या भागात मुसलमान वस्ती मोठी. आम्ही चर्चच्या कामासाठी आलोय हे तिला पहिल्यापासून माहीत होते. तिने दोनच गोष्टी विचारल्या: भाडे महिन्याच्या कोणत्या तारखेला देणार आणि मासे खाता का. पुण्यात आमच्या मुलाने भाड्याने खोली शोधली तेव्हा एका घरमालकाने आधी आडनाव, मग धर्म, मग स्वयंपाकघरात काय शिजणार हे विचारून शेवटी 'कळवतो' म्हटले होते. ते अजून कळवताहेत. ही तुलना करायची नव्हती, पण कुलूप उघडून ही बाई 'करिबू' म्हणाली, 'या', आणि माझ्या हातातली पिशवी तिने स्वतःच्या हातात घेतली, तेव्हा पुण्याचे ते घरमालक आठवलेच.

पहिल्याच संध्याकाळी दिवे गेले. इथे विजेचे पैसे आधी भरावे लागतात. मोबाईलवरून पैसे भरले की वीस आकडी नंबर येतो, तो मीटरवर दाबायचा. आमच्याकडे ना इथले सिमकार्ड, ना मोबाईलमधले ते एम-पेसाचे खाते. समोरच्या खोलीतला रिक्षावाला मुलगा (रिक्षाला इथे टुकटुक म्हणतात) आपल्या फोनवरून पैसे भरून आला, टॉर्च तोंडात धरून त्याने आकडे दाबले आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी पैसे द्यायला गेले, तर म्हणाला, सावकाश द्या, तुम्ही कुठे पळून जाताय!

मग पाणी. घराच्या बोअरचे पाणी खारट आहे. धुण्याभांड्याला चालते, पण त्यात डाळ शिजत नाही. प्यायचे पाणी हातगाडीवर येते, वीस वीस लिटरच्या पिवळ्या कॅनमध्ये. गाडीला म्हणतात म्कोकोटेनी. सगळ्या गाड्या सारख्याच दिसतात, पण कोणाचे पाणी गोडे आणि कोण कॅन नीट धूत नाही, हे वस्तीतल्या बायकांना पक्के माहीत असते. शेजारणीने माझ्यासाठी माणूस ठरवून दिला आणि त्याला माझ्यासमोर दम भरला. तिचा एकही शब्द मला कळला नाही, पण दम कळला. तेव्हापासून आमचे पाणी चुकलेले नाही.

खाण्याविषयी लिहायला बसले तर तुमची जागा संपेल, पण थोडे लिहितेच. इथे सकाळी 'महाम्री' आणि 'म्बाझी' खातात. महाम्री म्हणजे वेलची घातलेल्या, किंचित गोड, फुगलेल्या पुऱ्या. म्बाझी म्हणजे आपली तूर, डाळ न करता अख्खी, नारळाच्या दुधात शिजवलेली. आयुष्यभर तुरीचे वरण खाल्ले, पण अख्ख्या तुरीला नारळाचे दूध लावावे हे आपल्याला कधी सुचले नाही याचे नवल वाटते. जवळच कोंगोवेआचा मोठा बाजार आहे. तिथे बाजरी मिळते, 'मावेले' म्हणतात. ज्वारी मिळते, नाचणीही मिळते. प्रश्न दळणाचा होता. इथल्या गिरणीत दिवसभर मका दळतात, कारण सगळ्यांना उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, लागते. गिरणीवाला आता माझी बाजरी दिसली की जात्यातला मका आधी झाडून काढतो आणि पहिले मूठभर पीठ बाजूला टाकतो. नाशिकला आमचा गिरणीवालाही हेच करायचा, पण कुरकुरून. पहिली भाकरी थापली तेव्हा दारात बायका जमल्या होत्या. हातावर भाकरी फिरताना पाहून टाळ्या पडल्या. उभ्या जन्मात माझ्या भाकरीला टाळी मिळाली नव्हती. त्यांनी ती म्बाझीबरोबर खाल्ली, मीही खाल्ली. नाशिकहून आणलेला काळा मसाला वर भुरभुरवला आणि खरे सांगते, पिठल्याची आठवण आली नाही.

रमजानमध्ये रोज सूर्यास्ताला घरमालकिणीकडून झाकलेले ताट यायचे. रोजा तिचा आणि उपवास सोडायचे पदार्थ आमच्या घरी! ताट रिकामे परत करायचे नाही हा नियम इथेही आहे, तो कुणी सांगावा लागला नाही. पहिल्या दिवशी घरात दुसरे काही नव्हते म्हणून शेंगदाण्याचे लाडू ठेवले, तर पुढे तिची नातवंडे ताटाच्या आधीच येऊन उभी राहू लागली.

आता मूळ मुद्द्याकडे येते. वरचे सगळे कोणत्याही चांगल्या गावात घडू शकते. पण आम्ही राहतो त्या भागाचे नाव फ्रिअर टाउन आहे, आणि हे गाव वसवण्यात नाशिकच्या माणसांचा हात आहे. नाशिकला आयुष्य काढून ही गोष्ट मला धड माहीत नव्हती. आपल्या वाचकांपैकी किती जणांना माहीत असेल?

आपला शरणपूर रोड रोजच्या पायाखालचा. दवाखाने, बँका, कपड्यांची दुकाने, ट्रॅफिक. 1850 च्या दशकात शरणपूर ही गावाबाहेरची ख्रिस्ती वसाहत होती. विल्यम सॉल्टर प्राइस या चर्च मिशनरी सोसायटीच्या मिशनऱ्याने तिथे आफ्रिकन मुलांसाठी आश्रम चालवला. ही मुले आली कुठून? अरबी समुद्रात गुलामांची गलबते ब्रिटिश नौदल पकडायचे आणि सुटलेल्या मुलांना मुंबईला उतरवायचे. त्यांतली बरीच नाशिकला आली, तिथे लिहायला-वाचायला, सुतारकाम, लोहारकाम शिकली. आफ्रिकेत फिरणारा प्रसिद्ध स्कॉटिश प्रवासी लिव्हिंग्स्टन आपल्या शेवटच्या सफरीला निघाला तेव्हा यांतली काही मुले त्याच्याबरोबर गेली. मागाहून गेलेल्यांत जेकब वेनराइट होता. लिव्हिंग्स्टन 1873 मध्ये वारला तेव्हा त्याच्यावर अंत्यविधीची प्रार्थना म्हणणारा आणि झाडावर त्याचे नाव कोरणारा हाच नाशिकला शिकलेला मुलगा. मृतदेह शेकडो मैल खांद्यावरून किनाऱ्यापर्यंत आणला गेला, तिथून जेकब त्याच्यासोबत इंग्लंडला गेला आणि 18 एप्रिल 1874 ला वेस्टमिन्स्टर अॅबीत शवपेटीच्या मानकऱ्यांमध्ये चालला. मॅथ्यू वेलिंग्टन हाही त्या काफिल्यातला, नाशिकचाच. तो 1935 पर्यंत जगला, आणि वारला इथेच, मोंबासात.

1873 मध्ये झांझिबारचा गुलामांचा बाजार बंद करणारा तह झाला. तो घडवून आणायला गेलेले बार्टल फ्रिअर म्हणजे मुंबईचे माजी गव्हर्नर, ज्यांच्या काळात तिथल्या किल्ल्याच्या भिंती पाडल्या गेल्या तेच. सुटलेल्या गुलामांसाठी मोंबासाजवळ 1875 मध्ये वसाहत झाली तिला त्यांचेच नाव दिले. ती उभारायला प्राइसच आले आणि शरणपूरची ही आफ्रिकन मंडळीही आली. त्यांचे काही सोबती तर त्याच्या दहा वर्षे आधीपासून जवळच्या रबई मिशनमध्ये काम करत होते. इतिहासात या सगळ्यांना 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणतात. मुंबईचे नाव लागले, नाशिकचे राहून गेले. आपले नेहमीचेच दुखणे.

पुस्तकांत लिहिलेले असते की ही माणसे 'मायदेशी परतली'. मला हे पटत नाही. त्यांतली पुष्कळ याओ जमातीची होती, किनाऱ्यापासून आत फार दूरच्या मुलखातली. लहानपणी पळवली गेलेली, आईबापांचे गाव नकाशावर दाखवता येईल की नाही अशी. मोंबासा त्यांना तितकेच परके होते जितके आम्हाला. आम्हाला तरी शेजारीण होती. त्यांना गुलामांचे मालक शेजारी होते. विल्यम जोन्स हे त्यांच्यातले एक. 1885 मध्ये बिशप हॅनिंग्टन युगांडाच्या वाटेवर मारले गेले तेव्हा मागे राहिलेला काफिला जोन्सनी किनाऱ्यावर परत आणला. पुढे रबईला पळून आलेल्या गुलामांना त्यांनी आसरा दिला. मालक चालून येण्याच्या धमक्या देत होते, तरी त्यांना परत धाडले नाही. शेवटी 1889 मध्ये इथला कारभार पाहणाऱ्या इंग्रज कंपनीने मालकांना मोबदला देऊन त्या गुलामांना मुक्तीचे कागद दिले. आणि एवढे करूनही गोऱ्या मिशनऱ्यांच्या बरोबरीची वागणूक या माणसांच्या वाट्याला आली नाही. हे लिहिताना मला राग येतो. मिशनचा अभिमान वाटतो तितकाच हा रागही खरा आहे.

इथल्या चौकात त्या वसाहतीची जुनी घंटा अजून आहे. गुलामांचे व्यापारी येताना दिसले की ती वाजवायचे, असे सांगतात. आता तिच्याभोवती माटाटू, म्हणजे प्रवासी गाड्या, इतक्या जोराने हॉर्न वाजवतात की घंटा वाजली तरी कुणाला ऐकू जाणार नाही. पण चौकाचे नाव तिच्यावरूनच पडले आहे (स्वाहिलीत घंटेला 'केंगेले' म्हणतात), आणि कुठलाही कंडक्टर 'केंगेलेनी' म्हणून ओरडतो.

रविवारी उपासना स्वाहिलीत असते. बऱ्याच गीतांच्या चाली ओळखीच्या, शब्द नवे. मी हळूच मराठी शब्द म्हणते, शेजारचा बाक मागे वळून पाहतो. नुकतीच उपकारस्तुतीची भक्ती झाली. आपल्याकडे हंगामाच्या सणाला करतात तसेच इथेही लोक मक्याची कणसे, अंडी, जिवंत कोंबडी वेदीपुढे आणतात आणि नंतर अंगणात लिलाव होतो. यजमानांनी एका भोपळ्यासाठी हात वर केला. एका म्हातारबाबांनी किंमत चढवत नेऊन तो स्वतः घेतला आणि आणून आमच्या हातात दिला. पाहुण्याने पहिल्या वर्षी विकत घ्यायचे नसते, म्हणाले. नंतर कळले की त्यांच्या घराण्यात पूर्वज 'इंडियाहून' आल्याचे सांगतात. इंडियात कुठे? ते त्यांना माहीत नाही. मी 'नाशिक' म्हटले तेव्हा त्यांनी दोनतीनदा ते नाव म्हणून पाहिले. त्यांचे पूर्वज शरणपूरचे होते असा दावा मी करत नाही, तसा पुरावा माझ्याकडे नाही. पण तसे असू शकते.

म्हणून दोन विनंत्या. पहिली नाशिकच्या कारभाऱ्यांना. शरणपूर रोडवर एखादा साधा फलक लावा. या ठिकाणी गुलामीतून सुटलेली आफ्रिकन मुले शिकली, त्यांतले काही लिव्हिंग्स्टनबरोबर गेले, काहींनी मोंबासाजवळ गाव वसवले, एवढे मराठीत, इंग्रजीत आणि जमल्यास स्वाहिलीत. स्वाहिली मजकूर इथून लिहून पाठवायची जबाबदारी माझी, इथल्या शिक्षकांकडून तपासून घेईन.

दुसरी विनंती वाचकांना. नाशिकमधल्या जुन्या ख्रिस्ती घरांमध्ये पेट्यांच्या तळाशी कागद असतात. बाप्तिस्म्याची नोंद, शाळेचा ग्रुप फोटो, कुणा पणजोबांची वही. त्यांत शरणपूरच्या या मुलांचे एखादे नाव, चेहरा सापडला तर त्याचा फोटो काढून आपल्या वृत्तपत्राच्या कार्यालयाकडे पाठवावा. मूळ कागद हातचा सोडू नये. संपादकांनी तो माझ्याकडे पोचवला तर मी तो म्हातारबाबांना आणि इथल्या पाळकांना दाखवीन. पावसाळ्याआधी आले तर बरे, कारण इकडचा मोठा पाऊस मार्चअखेरीस सुरू होतो आणि मग म्हातारबाबा घराबाहेर पडत नाहीत.

आपली,
एक नाशिककर वाचक
फ्रिअर टाउन, मोंबासा (केनिया)

(नाव छापू नये, ही विनंती.)