खंडेनवमी आणि अण्णांची सायकल

सिल्व्हर स्प्रिंग, मेरीलँड
खंडेनवमी

प्रिय दिल्या,

दीड वर्षात एक अक्षर नाही. "निवांत बोलू रे" म्हणून फोन ठेवला तो ठेवलाच. आधी शिव्या घालून घे, मग पुढचं वाच. तब्येत बरी. साखर काठावर, डावा गुडघा जिना उतरताना बोलतो. झालं.

आज सकाळी गॅरेजमध्ये सायकल पुसली, हळदकुंकू लावलं. झेंडू इथे कुंडीत मिळतो, त्याची चार फुलं दोऱ्यात ओवून हँडलला बांधली आणि तिथेच स्टुलावर बसून राहिलो, मर्दा. कारण आज कराडात अण्णांच्या अंगणात पुसायला काही नाही. साखळी रॉकेलमध्ये बुडवून ठेवायचे, आपल्या दोघांना स्पोक पुसायला बसवायचे आणि एक जरी राहिला तरी बोट फिरवून काजळी आपल्याच नाकाला लावायचे. ती चोवीस इंची हर्क्युलस मे महिन्यात भंगारात गेली. सुमीने विकली, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. तुलाही तसंच ठाऊक असणार.

सुमीने नाही विकली. मी विकायला लावली.

अण्णा मंडईतून येत होते, सर्व्हिस रोडला मोटरसायकलवाल्याचं हँडल लागलं. कपाळाला सात टाके. सुमीचा फोन आला तेव्हा इथे रात्रीचे दोन. मी झोपेत आणि घाबरलेला, म्हणजे माणूस सगळ्यात हुशार असतो ती वेळ. म्हणालो, "आजच्या आज काढ ती सायकल घरातून." ती म्हणाली, "त्यांना काय सांगू?" मी म्हणालो, "सांग काहीही." तिने काहीही सांगितलं नाही. अण्णांनी समजायचं ते समजून घेतलं. तेव्हापासून ते तिच्याशी चहापुरतं बोलतात. आणि माझ्याशी छान बोलतात रे! मागच्या रविवारी मला म्हणाले, "तू तरी तिला समजवायला हवं होतंस." मी काय म्हणालो असेन? "हूं" म्हणालो.

आता याच्यावर कडी ऐक. एकोणऐंशी वर्षांच्या बापाची सायकल मोडीत घालणारा हा तुझा मित्र सप्टेंबरात आठ दिवस सायकलवर भटकून आला. पिट्सबर्ग ते वॉशिंग्टन, ५४० किलोमीटर. अण्णांना सांगितलं, ऑफिसच्या कामाला चाललोय. बायको म्हणाली, निदान नीट खोटं बोला, ऑफिसच्या कामाला कोण डायपर घालून जातं! (सायकलच्या चड्डीला आमच्या घरी हेच नाव आहे.)

पिट्सबर्गला दोन नद्या मिळून ओहायो होते, त्या टोकावरून निघायचं. प्रीतिसंगमच म्हण, फक्त भेळेची गाडी नाही. तिथून कंबरलंड गावापर्यंत २४० किलोमीटर जुन्या रेल्वेच्या वाटा आहेत. रूळ उखडून बारीक खडी दाबलीय. रेल्वेला चढ सोसत नाही, म्हणून तिने डोंगर हळूहळू चढून ठेवलाय, आणि ते पुण्य आपल्या पदरात पडतं. दोनशे किलोमीटर चढतोय हे मांड्यांना कळत नाही. मग ७२९ मीटरवर माथा येतो, किलोमीटरभर लांबीचा एक बोगदा लागतो आणि तिथून अडतीस किलोमीटर नुसता उतार. चंद्या आपल्याला खंबाटकीवरून ढकलत नेणार होता, आठवतं? ज्याच्या सायकलला ब्रेक नव्हता तोच पुढे जायचा हट्ट धरत होता.

पण खरा जीव लागला तो पुढच्या तीनशे किलोमीटरवर. तिथून कालवा आहे आणि कालव्याच्या कडेची वाट. पलीकडे पोटोमॅक नदी, अलीकडे शेवाळलेलं पाणी, मध्ये दोन सायकली जातील एवढी माती, वर झाडं मिटलेली. १८२८ मध्ये खणायला घेतला. नाव चेसापीक अँड ओहायो, पण ओहायो त्याने जन्मात पाहिली नाही. १८५० मध्ये कंबरलंडला पोचला तेव्हा रेल्वे तिथे येऊन आठ वर्षं झाली होती. आपल्या एसटी स्टँडवरच्या शेड्ससारखी गत. नावा ओढायला खेचरं होती आणि ती ज्या वाटेने चालायची तीच ही वाट. चौऱ्याहत्तर दरवाजे आहेत. त्यात पाणी कोंडून नाव पायरीपायरीने चढवायचे, उतरवायचे. दरवाजेवाल्यांची पांढरी घरं अजून उभी आहेत.

एकही गाडी नाही, दिल्या. पहिला दिवस मी वेड्यासारखा मागे वळून बघत होतो. मानेला सवय ना. तिसऱ्या दिवशी मान वळायची थांबली आणि तेव्हा कळलं की मी कुठे आहे. मी आपल्या खोडशीच्या कॅनॉलवर होतो. बाभळीच्या जागी मेपल आणि बगळ्याच्या जागी तेवढाच उंच दुसरा कोणीतरी बगळा. पाऊस झाल्यावर चिखल मात्र थेट आपला. चाक आणि मडगार्डच्या मध्ये असा बसला की काडीने उकरत बसलो. आणि काडी हातात घेतल्यावर आपण सायकलसकट कॅनॉलात पडलो तो दिवस आठवला नाही तर मी कसला.

तर ऐक. बत्तीस वर्षं तू म्हणतोस हँडल माझ्या हातात होतं, मी म्हणतो तुझ्या. तुझ्या लग्नातसुद्धा आपण यावर भांडलो. हँडल माझ्या हातात होतं. तू मागे कॅरिअरवर होतास आणि "डावीकडे, डावीकडे" ओरडत होतास ते बरोबर होतं. अण्णांच्या सायकलची रिम वाकली, मार तू खाल्लास आणि मी शेजारी उभा राहून ओल्या चड्डीकडे बघत राहिलो. आता सुमीच्या वेळीही तेच करतोय. म्हणून तुलाच लिहितोय, दुसऱ्या कोणाला लिहिलं तर तो मला समजावत बसेल.

वाटेवर दर दहाएक किलोमीटरला तंबू टाकायला जागा आहेत आणि हातपंप. पाण्याला आयोडीनचा वास. पाचव्या रात्री पंपावर एक आजोबा भेटले, ब्याऐंशीचे. लेक बरोबर होती. सामान सगळं तिच्या सायकलवर, आजोबांच्या हँडलला फक्त पाण्याची बाटली. त्यांनी विचारलं, तुझे वडील आहेत का? सायकल चालवतात का? मी म्हणालो, हो, रोज, बाजारापर्यंत. बघ, एका क्षणात! इंग्रजीत खोटं बोलताना जीभ अडखळतसुद्धा नाही. आजोबा खूश झाले. लेकीला हाक मारून सांगितलं, याचे वडीलही चालवतात. रात्रभर डोळा नाही लागला. मग तो तंबूखालच्या दगडामुळे असेल असं सकाळी ठरवलं.

त्याच सकाळी पॉ पॉचा बोगदा. ९५० मीटर, विटांचा, खणायला चौदा वर्षं लागली. आत मिट्ट काळोख. दिवा लावून सायकल हातात धरून चालायचं, एका बाजूला लाकडी कठडा आणि खाली काळं पाणी. समोरून कोणी आलं तर कठड्याला चिकटून उभं राहावं लागतं. मी घंटी वाजवत चाललो होतो आणि ती घंटी आत अशी घुमत होती की अण्णा संध्याकाळी बोळात वळताना... जाऊ दे. पुढे लिहिलं तर तू हसशील आणि चंद्याला वाचून दाखवशील.

पॉ पॉ म्हणजे झाड आहे. आपल्या सीताफळाच्या कुळातलं! बोगद्याच्या पलीकडे फळं पडली होती, हिरवी, मुठीएवढी. आत पिवळा गर, बिया सीताफळापेक्षा मोठ्या आणि चपट्या, चव केळं आणि आंबा यांचं लग्न लावल्यासारखी. पाच खाल्ली. अण्णांना हे सांगितलं असतं तर अर्धा तास फोन चालला असता. सांगू कसा? ऑफिसच्या कामात सीताफळाचं झाड कुठून येतं!

आणि एक गोष्ट ऐक, मग आटपतो. १९२४ च्या पुरानंतर हा कालवा बंद पडला. पुढे त्याच्या कडेने मोटाररस्ता करायचं ठरत होतं आणि वॉशिंग्टन पोस्टने त्याच्या बाजूने अग्रलेख लिहिला. विल्यम डग्लस म्हणून सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश होते. त्यांनी संपादकांना आव्हान दिलं की माझ्याबरोबर सगळा कालवा चालून दाखवा, मग बोला. १९५४ च्या मार्चमध्ये निघाले, २९७ किलोमीटर. पन्नासाहून जास्त माणसं होती, शेवटपर्यंत सगळं चालले नऊ. संपादकांचं मत मात्र फिरलं. १९७१ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. मला यात एकच खुपलं. त्या संपादकांनी लिहायच्या आधी तो कालवा पायी बघितला नव्हता, आणि मी रात्री दोन वाजता फोनवर निकाल दिला तेव्हा तो सर्व्हिस रोड पाहिलाय कधी? सुमी रोज पाहते. तिला मी विचारलंसुद्धा नाही.

तुझं काय चाललंय? वहिनींचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं का? पिंकीला कॉम्प्युटरच मिळालं ना, बापासारखं सिव्हिल नको म्हणून? उसाचा दर वगैरे पुढच्या पत्रात, त्यावर आपलं जमत नाही.

मी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात येतोय. सायकल मी विकायला लावली असं अण्णांना समोर बसूनच सांगणार, फोनवर नाही. फोनवर मी "हूं" म्हणतो. तोवर सुमीला काही बोलू नकोस. भंगारातली हर्क्युलस मिळणार नाही हे मला कळतं, शोधायला जाऊ नकोस. तू जाशील म्हणून लिहितोय.

तुझ्याकडे काम वेगळं आहे. खोडशीच्या बंधाऱ्यापासून कॅनॉलकडेचा रस्ता अजून आहे का? आपल्या वेळचा कच्चा होता, आता डांबरी केला असेल तर मेलो. एखाद्या सकाळी सहा ते आठ तिथे उभा राहा आणि किती गाड्या जातात ते मोजून कळव. उसाचे ट्रॅक्टर वेगळे धर.

तुझा,
विन्या